कौलांमधून येणारी हवा

देवगाव फाटा,
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय सविता,

तू पाठवलेली गुळाची ढेप पोचली. धनगरांच्या केवळाबाईंनी ती घोड्यावरच्या बोचक्यात घालून, मेंढरांच्या मागे मागे इथवर आणली. तुझ्या त्या जुन्या अबोली साडीच्या तुकड्यात बांधलेली होती. सोबत निरोप नाही, चिठ्ठी नाही, केवळाबाईंच्या हाती तोंडी एक शब्दही नाही. संक्रांतीला गूळ पाठवला की समोरच्यानं गोड बोलायचं असतं, एवढं आम्हालाही ठाऊक आहे. पण मी गोड बोलणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसायला नको. वाचायचंच नसेल तर इथंच घडी घाल आणि चुलाणात टाक. तुमच्या गुऱ्हाळाचं चुलाण हल्ली झकास जळतंय असं ऐकलं. जळणारच. मीच बांधलंय ते.

सध्या फाट्यावर एका धाब्याच्या भटारखान्याचं काम चालू आहे. दुपारची सुट्टी झालीय, नवरा सावलीत आडवा झालाय, मी सिमेंटच्या गोणीवर बसून लिहितेय. फोन करता आला असता. पण फोनवर तू 'हो गं, हो गं, सासूबाई आल्या, नंतर बोलते' असं म्हणून ठेवून देतेस. कागद काही ठेवून देता येत नाही. शिवाय फोनवर माझा आवाज चढला की मला रडू येतं, आणि या वेळी मला रडायचं नाहीये, भांडायचंय.

तुला आपलं लहानपण आठवतं का, का तेही सारवून टाकलंस? पाथरीच्या अलीकडची आपली शाळा, एकच बाक, तू खिडकीकडे आणि मी भिंतीकडे. तू आमच्या घरी यायचीस. आई तव्यावरची भाकरी आणि लसणाची चटणी द्यायची, तू उंबऱ्यात बसून मिटक्या मारत खायचीस, आणि उठताना दर वेळी माझ्या कानाशी येऊन म्हणायचीस, 'आमच्या घरी सांगू नको हं.' मी कधीच सांगितलं नाही. मला त्यात मैत्रीची मोठी शान वाटायची. आता वाटतं, तेव्हापासूनच आपली वाटणी ठरून गेली होती. खायचं तू, आणि गप्प बसायचं मी.

असो. चुलाणाचं बोलू. गेल्या पावसाळ्यात तूच फोन केला होतास. उसाचं चिपाड जाळायला पुरत नाही, अर्ध्या हंगामातच संपतं, मग मामंजी जुने टायर जाळायला लावतात, गुळाला वास येतो आणि लेकरं खोकून खोकून बेजार होतात, असं तू सांगत होतीस. मी तुला जालन्याची गोष्ट सांगितली. तिथं लोखंडाच्या कारखान्यात भट्टीच्या विटा लावायला आम्ही दोघं नवरा-बायको काही वर्षं होतो. भट्टीतून निघणाऱ्या धुराला जायची घाई असते आणि जाताना तो सगळी धग बरोबर घेऊन जातो, धुराड्यातून वर आभाळ तापवायला. म्हणून तिथं धुराच्या वाटेत विटांचे अरुंद बोळ बांधतात आणि त्यांना लागूनच दुसरे बोळ बांधतात, बाहेरच्या हवेचे. मध्ये पातळ वीट किंवा कौल. धूर हवेला शिवत नाही, हवा धुराला शिवत नाही, पण धग मात्र पलीकडे जाते. गार हवा जाळावर आली की जाळाचं बरंचसं बळ तिलाच तापवण्यात खर्च होतं. तीच तापून आली की तेवढ्याच जळणात काम जास्त. तू म्हणालीस, 'मग ये की! इथं बांध! माझ्या सासरी माझा शब्द आहे.' तुझा शब्द आहे, असं तू म्हणाली होतीस. हे वाक्य मी विसरलेली नाही.

दसरा झाल्यावर मी आले. गंगाखेडच्या पडलेल्या जिनिंगची जुनी कौलं तुझ्या नवऱ्यानं, जीवनभाऊंनी, ट्रॅक्टरमधून आणून दिली. काय दिवस होते ते, सविते! तू पदर खोचून कौलं उचलून देत होतीस, मी ती एकीवर एक रचून सांधे मातीनं भरत होते, आणि आपण दोघी शाळेतल्या मास्तरांच्या नकला करून हसत होतो. माझ्या चहाचा कप वेगळा होता, खिडकीत उलटा घातलेला. मला दिसत होता, तुलाही दिसत होता. मी त्यातूनच चहा प्यायले. काम माझं होतं, कप त्यांचा होता. काम चांगलं उतरलं की कपाचं आपोआप होईल, असं मला वाटायचं. गाढवपणा माझा.

जाताना मी तुला, जीवनभाऊंना आणि गूळ शिजवणाऱ्या तुमच्या गुळव्याला, सगळ्यांना हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि हवा आत घेणारी भोकं दाखवली. खालचं राखेचं तोंड मी पत्र्यानं बंद केलं होतं, कारण ते उघडं राहिलं तर हवा जवळची वाट धरते. तिनं मागच्या भोकांतूनच शिरायचं, कौलांमधून तापत तापत जाळाखाली यायचं. या चुलाणाच्या नाकपुड्या आहेत, म्हटलं. काहीही करा, पण या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. गुळवे मान हलवून म्हणाले, 'आलं ध्यानात.' तू हसून म्हणालीस, 'तू काय काळजी करायलीस, मी हाय की.'

गुळाच्या पहिल्या घाण्याच्या दिवशी मी गंगाखेडहून जीपनं आले तर जाळ आधीच घातलेला. काहिलीत रस ओतलेला, सगळा गाव गोळा झालेला. मला चरकापाशीच थांबवलं. तुझ्या सासूबाई, धुरपताबाई, म्हणाल्या, 'पयल्या घान्याला जवळ येऊ नगं, नजर लागती.' मी थांबले. लांबूनच मला कळायला लागलं की काहीतरी चुकतंय. जाळाला आवाज नव्हता. चिपाड पेटत नव्हतं, नुसतं धुमसत होतं, आणि धूर धुराड्यातून जायच्या ऐवजी पुढच्या तोंडातून बाहेर येत होता. गुळवे डोळे पुसत शिव्या देत होते. जाळ घालणारा गडी घाबरून चिपाडावर चिपाड कोंबत होता, म्हणजे उरलीसुरली हवाही बंद. मी ओरडून म्हटलं, मला मागं जाऊन बघू द्या. तर त्याच आडव्या झाल्या. 'आता हात लावू नगं. लागला तेवढा बास हाय.' ते वाक्य मला तेव्हा नीट कळलंच नाही. मला वाटलं, काम बिघडलं म्हणून म्हणतायत.

रस ना उकळला ना धड गार राहिला. मळी वर आली नाही, रंग काळा पडला, आणि शेवटी तो चिकट लगदा गुरांपुढं ओतला. मग माझ्या डोक्यावर खापर फुटलं. तुझे सासरे दिनकरराव सगळ्या गावासमोर म्हणाले, 'या बाईच्या नादी लागून हंगाम बुडवायची येळ आली.' सासूबाई म्हणाल्या, 'म्या आधीच म्हनलं व्हतं. चुलानाला कुनाचे बी हात चालत न्हाईत.' तू दारात पूजेचं ताट घेऊन उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. तू ताटातल्या निरांजनाकडे बघत होतीस. मी माझी थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि तुमच्या गावच्या फाट्यापर्यंत पायी गेले. गावातली पोरं मागून 'धुरवाली, धुरवाली' म्हणून ओरडत होती.

त्यानंतर माझं काय झालं, तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मला माझ्या हातांची शंका यायला लागली. भिंत बांधताना ओळंबा सोडायचा तर मनात यायचं, हेही चुकणार. गंगाखेडकडच्या एका गुऱ्हाळवाल्यानं मला बोलावणं केलं होतं, त्यानं नको म्हणून कळवलं. 'तुमच्या हातचं चुलान धुमसतंय म्हनं.' बातमी माझ्याआधी पोचलेली. घरी आल्यावर मी न्हाणीघरातल्या पाण्याच्या चुलीला फुटक्या कौलांचे तसेच लहान बोळ बांधून बघितले, चूक कुठं झाली ते शोधायला. माझ्या सासूबाई, सरजाबाई, चुलीपुढं बसून मला हसत होत्या, 'आंघुळीच्या पान्यासाठी कारखाना बांधायली का गं?' पण चूल पेटली आणि त्यांचं हसू थांबलं. दोन शेणकुटांत पाणी कढलं. आता त्या शेजारणींना बोलावून बोलावून ती चूल दाखवतात. मी मात्र आणखीच गोंधळले. इथं चालतं, मग तिथं का नाही? कौलं तीच, माती तीच, हात तेच.

उत्तर केवळाबाईंनी आणलं, तुझ्या गुळाबरोबर. तुला बहुतेक वाटलं असेल, धनगराची बाई, मेंढरांपलीकडे ती काय बघणार. तिची मेंढरं त्या आठवड्यात तुमच्याच शेतात बसली होती, चुलाणाच्या मागच्या अंगाला. ढेप माझ्या हातात देताना ती सहज म्हणाली, 'तुजी ती भोकं म्हातारीनं आदल्या दिशीच लिपून टाकली व्हती की गं. शेन-मातीचं घमेलं घिऊन आली, आन् समदी मागली भित सारवून काढली, भोकासकट. वरून गोमूत्र शिपडलं. म्या म्हनलं, मागली बाजू कुनी सारवतंय व्हय? काय करायलीस? तर म्हनली, तिच्या हातानं रचल्याली कौलं हायत, देवाचा पयला घाना तशावर कसा शिजवू.'

मी तिथं विटांच्या ढिगावरच बसले. हंगामाच्या आधी चुलाण सारवतात, हे मला माहीत आहे. पुढचा कट्टा सारवतात, रांगोळी घालतात. मागची भिंत कुणी सारवत नाही. ती सारवली कारण तिला मी हात लावला होता. माझा विटाळ मानून माझ्या चुलाणाच्या नाकपुड्या बुजवल्या, आणि जाळ गुदमरला तर म्हणे बाईचे हात वाईट! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पाच-सहा भोकं शेणानं भरली आणि सगळा दोष माझ्या जातीवर आणि माझ्या थापीवर टाकून मोकळे झाले. लाज कशी नाही वाटली?

पण थांब, तुझ्या सासूबाईंवरचा माझा राग तुझ्यावरच्या रागापेक्षा कमी आहे. त्या जे मानतात ते त्यांनी उघड्यावर, घमेलं हातात घेऊन केलं. केवळाबाई पुढं जे बोलली, त्यानं माझ्या अंगाची आग झाली. 'दुसऱ्या दिशी सविताबाई यकटीच आली आन् सळईनं भोकं मोकळी केली. मग जाळ कसा फुरफुरायला लागला म्हनतीस! पिवळाधमक गूळ निगाला.' म्हणजे तुला कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तू सळई घेतलीस, गुपचूप मागं गेलीस, माझ्या चुलाणाचा श्वास मोकळा केलास, आणि परत येऊन पदरानं हात पुसून स्वयंपाकाला लागलीस. कुणाला एका शब्दानं सांगितलं नाहीस. आणि आता तुमच्या गावात लोक काय म्हणतात, ते केवळाबाईनं हसत हसत सांगितलं. 'सारवून सुद्द केल्यावर चुलान सुदरलं.' वा! बांधलं मी, कोंडलं त्यांनी, मोकळं केलंस तू, आणि यश मिळालं शेणाला!

चिपाडाच्या गंजी अजून शिल्लक आहेत, टायर बंद झाले, लेकरांचा खोकला थांबला, हेही तिनं सांगितलं. त्याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझी धाकटी त्या धुरात झोपायची ते मला आठवत होतं. पण बघ ना, माझ्या हातांनी रचलेल्या कौलांतून आलेल्या हवेवर शिजलेला गूळ देवाला चालतो, गंगाखेडच्या बाजारात चालतो, सोयऱ्याधायऱ्यांना वाटायला चालतो, अगदी मला पाठवायलाही चालतो. फक्त माझं नाव चालत नाही. आणि तू मला गूळ पाठवतेस, मुकाट्यानं, साडीत बांधून. म्हणजे काय समजू मी? तोंड गोड कर आणि गप्प बस? लहानपणी तू कानात यायचीस, तेच ना हे? 'आमच्या घरी सांगू नको हं.' या वेळी तेवढंही बोलायचे कष्ट घेतले नाहीस.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. त्या घरात तुला दिवस काढायचेत, सासूशी रोज गाठ आहे, जीवनभाऊ आईपुढं तोंड उघडत नाहीत. पण सविते, अडचण मलाही आहे, आणि ती माझ्या पोटाची आहे. बाई गवंडी म्हटलं की आधीच लोक दोनदा विचारतात. त्यात आता 'धुरवाली' हे नाव लागलंय. ते काही सळईनं मोकळं होणार नाही. ते फक्त तुझ्या बोलण्यानं जाईल, कारण सासूबाई सोडल्या तर खरं काय झालं ते माहीत असलेल्या दोघीच, तू आणि केवळाबाई. केवळाबाई मेंढरांबरोबर पुढं निघून गेली. तिनं सांगायचं होतं ते न मागता सांगितलं. उरलीस तू.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. पाथरीकडचा एक बायकांचा बचत गट स्वतःचं गुऱ्हाळ घालतोय. त्यांच्या पार्वतीबाई माझ्या घरी येऊन न्हाणीतली चूल बघून गेल्या. काम मलाच द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण 'धुरवाली' हे त्यांच्याही कानावर गेलंय. त्या म्हणाल्या, 'आमी सोता जाऊन बघनार, आन् त्या घरच्या लोकायला इचारनार, पयल्या दिशी काय झालतं.' रथसप्तमीला त्या गटाच्या सगळ्या बायका जीप करून तुमच्या गुऱ्हाळावर येणार आहेत. मीही त्यांच्याबरोबर येणार आहे. अचानक समोर बघून तू गांगरू नयेस, म्हणून हे पत्र. त्या विचारतील तेव्हा तुझे सासरे असतील, सासूबाई असतील, गुळवे असतील. मी एक अक्षर बोलणार नाही. चरकापाशी थांबवलं तर थांबेन. तुझी ढेप मी फोडलेली नाही, तशीच अबोली तुकड्यात बांधून पिशवीत घेऊन येईन. तू खरं बोललीस, तर तिथंच कट्ट्यावर फोडू आणि सगळ्यांना वाटू, पहिला खडा तुझ्या सासूबाईंच्या हातावर मी माझ्या हातानं ठेवीन. घेतील नाही घेतील, ते त्यांचं. आणि तू पुन्हा ताटाकडेच बघत राहिलीस, तर ढेप जशीच्या तशी चुलाणाच्या मागच्या भिंतीशी ठेवीन, भोकांच्या समोर नाही, जरा बाजूला, म्हणजे हवा अडायला नको, आणि जीपमध्ये जाऊन बसेन. माझ्या आईची भाकरी तू खाल्लीस हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. या वेळी सांगायची पाळी तुझी आहे.

अजून तरी तुझीच,
धम्मशीला